हट्टी पोर आणि थकलेले घर

रोवणीच्या दिवसांत आमच्या बाह्यरुग्ण विभागात गर्दी कमी असते. बांधीत चिखल तयार असताना मजुरी बुडवून कोणी दवाखान्यात येत नाही. त्यामुळे जुलैतल्या एका सोमवारी एक बाई नऊ वर्षांच्या मुलाला हाताला धरून आली, तेव्हाच लक्षात आले की प्रकरण घरात मावेनासे झाले आहे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

‘‘साहेब, याले डोक्याची गोळी द्या जी. कोणाचंच ऐकत नाही. काल ताट फेकलं, लहान बहिणीच्या कपाळाले लागलं.’’

शाळेतून दोनदा निरोप आला होता. आजीने ‘बाहेरचे’ समजून उतारा करून पाहिला होता. बापाने पट्टा काढला होता. शेजारणींनी आईलाच दोष दिला होता. मुलगा मान खाली घालून पायाने खुर्ची मागे-पुढे ढकलत होता.

मी मनोविकारतज्ज्ञ नाही. ताप, रक्तदाब, साप चावलेले रुग्ण पाहण्यात ज्याची सरकारी नोकरी गेली असा फिजिशियन आहे. पण भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात अशी मुले आधी माझ्यासारख्याकडेच येतात आणि बहुतेक वेळा ‘मोठा झाला की सुधारेल’ एवढे ऐकून परत जातात. हे वाक्य मीही उच्चारले आहे. वीसेक वर्षांपूर्वी पाचवीतली एक मुलगी आली होती. मध्येच शून्यात बघते, विचारले तर उत्तर देत नाही, मग चिडते, अशी तक्रार होती. मी वडिलांना धीर देऊन घरी पाठवले. दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी ओळखले की त्या काही सेकंदांच्या फिटा होत्या. त्या दोन वर्षांत शाळेत आणि घरी तिने जो मार खाल्ला, त्यातला एक वाटा माझा आहे.

म्हणून स्वभावावर शिक्का मारण्याआधी शरीर तपासावे. लोह कमी असलेले मूल किरकिरे होते, त्याचे लक्ष लागत नाही. आपल्या भागात सिकलसेल आहे. हातपाय दुखणारे पोर दरवेळी ‘दुखते’ म्हणत नाही, ते भांडते. कान वाहणारे मूल खरोखरच ‘ऐकत नाही’. टॉन्सिल वाढून रात्रभर घोरणाऱ्याची झोप होत नाही आणि सकाळी ते सगळ्यांवर खेकसते. बारा-तेरा वर्षांचा मुलगा असेल तर खर्ऱ्याबद्दल विचारायला लाजू नका. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, तरी खर्रा पोरांच्या हाताला लागतोच आणि तंबाखूची तलफ भागली नाही की चिडचिड होतेच.

या मुलाचे हिमोग्लोबिन ९ निघाले. लोहाचे औषध सुरू केले. पण ताट फेकणे केवळ लोहाने थांबत नाही.

अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात जेराल्ड पॅटरसन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. घराघरांत नेमके काय घडते याचे निरीक्षण करून त्यांनी मांडलेला मुद्दा आपल्या ओसरीवरही तंतोतंत लागू पडतो. आई म्हणते, ‘मोबाइल ठेव.’ मूल ओरडते. आई पुन्हा सांगते, मूल आणखी ओरडते, काहीतरी आपटते. दिवसभर वाकून रोवणी करून आलेली आई शेवटी म्हणते, ‘घे बाबा, पाह्य तुझा मोबाइल.’ ओरडणे लगेच थांबते. मुलाला मोबाइल मिळाला, आईला शांतता मिळाली. मूल शिकले की आरडाओरडा केला की काम होते आणि आई शिकली की माघार घेतली की सुटका होते. कधी उलटे घडते. आई किंवा बाप त्याहून मोठ्याने ओरडतो, हात उगारतो, मूल तेवढ्यापुरते दबते. मग मोठ्यांना वाटते की हाच उपाय. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजू आदल्या दिवशीच्या पायरीवरून सुरुवात करतात. यात कोणी वाईट नाही. दोघेही एकमेकांना नको ते शिकवत असतात, एवढेच.

ही साखळी तोडायची तर सुरुवात मोठ्यांकडून व्हावी लागते, कारण नऊ वर्षांचे मूल ती करू शकत नाही. मी त्या बाईला तीनच गोष्टी सांगितल्या.

पहिली, रोज दहा मिनिटे त्याची. ‘वेळ कुठून आणू जी?’ ती म्हणाली, आणि तिचे खरे होते. मग ठरले की ती संध्याकाळी तांदूळ निवडते तेव्हा त्याने शेजारी बसायचे. त्या दहा मिनिटांत अभ्यासाची चौकशी नाही, उपदेश नाही. तो जे बोलेल ते ऐकायचे.

दुसरी, सांगण्याची पद्धत. चुलीपासून ‘कितीदा सांगू तुले’ असे ओरडण्याऐवजी जवळ जाऊन, नाव घेऊन, एकच काम सांगायचे. ‘बैलाला पाणी दाखव.’ केले की लगेच म्हणायचे, ‘सांगितल्याबरोबर गेलास, बरं वाटलं.’ आपल्याकडे तोंडावर कौतुक केले की पोर शेफारते, असा समज आहे. माझा अनुभव उलटा आहे. ज्या मुलाला दिवसभर फक्त शिव्याच ऐकू येतात, त्याला नीट वागून मिळवायचे काय, हेच कळत नाही.

तिसरी सर्वांत अवघड. रडणे, कुरकुर, पाय आपटणे याकडे लक्ष द्यायचे नाही आणि एकदा ‘नाही’ म्हटले की ‘हो’ म्हणायचे नाही. इथे आधीच सावध करतो: सुरुवातीचे काही दिवस त्रास वाढतो. पूर्वी दोनदा ओरडून काम होत होते, ते होईना म्हणून मूल दहादा ओरडून पाहते. बहुतेक घरे नेमकी इथेच हार मानतात आणि मूल शिकते की दहादा ओरडावे लागते. आजी-आजोबांनी आतल्या खोलीत नेऊन गुपचूप मोबाइल दिला तरीही सगळे वाया जाते. मारणे, फेकणे मात्र दुर्लक्ष करण्यासारखे नाही. दुसऱ्या मुलाला बाजूला घ्यायचे, आवाज न चढवता त्याला थांबवायचे आणि शांत झाल्यावर सांडलेले त्यानेच उचलायचे. शिक्षा त्याच संध्याकाळपुरती असावी. ‘महिनाभर मोबाइल बंद’ ही धमकी कोणी पाळत नाही, आणि मुलाला ते ठाऊक असते.

तिला लिहिणे फारसे जमत नव्हते. म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयवर, ज्या दिवशी जेवढ्या वेळा भडका उडेल तेवढ्या फुल्या मारायला सांगितल्या.

सगळीच मुले फेकाफेक करत नाहीत. काही गप्प होतात. मोठ्या माणसाचे नैराश्य उदास दिसते, मुलांचे अनेकदा चिडके दिसते. दोन आठवड्यांहून अधिक काळ खेळणे सुटले, झोप-भूक बदलली, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असे शब्द आले, तर थेट विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार मनात घातला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. धानाच्या फवारणीचे औषध आपल्याकडे घराच्या कोपऱ्यातच ठेवलेले असते. ते आज कुलपात टाका किंवा दुसरीकडे हलवा. तो क्षण टळला तर जीव वाचतो, हे मी तातडीच्या विभागात पुष्कळ पाहिले आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनाशुल्क आणि मराठीतही बोलता येते.

काही मुलांना औषध लागते. अतिचंचलतेवरची औषधे नीट दिली तर उपयोगी पडतात, त्यात लाज नाही. पण सहा वर्षांखालील मुलाला गोळीआधी पालकांचे प्रशिक्षण द्यावे, असे बालरोगतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. माझी तक्रार इथे आहे. हे प्रशिक्षण द्यायचे कोणी? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला होता, म्हणजे गावच्या हायस्कुलातल्या शंभरामागे सात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या १८ व्या कलमाने सरकारी सेवा मिळण्याचा हक्क दिला, त्यात मुलांच्या सेवेचा वेगळा उल्लेख आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शाळा-अंगणवाड्यांत मुले तपासतात. ती अडचण ओळखतात, पण पुढे पालकाच्या हाती बहुधा पडते ती संदर्भ चिठ्ठी. ती घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी, नाहीतर नागपूरला जायचे म्हणजे मजुरी आणि एसटीचे भाडे दोन्ही गेले, आणि तिथे मिळणार पाच मिनिटे. एकदा जाऊन पुन्हा न येणाऱ्या आईला आपण ‘पाठपुराव्याला येत नाही’ असे लिहून मोकळे होतो.

प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्यातून एक दुपार आठ-दहा पालकांना एकत्र बसवणे अशक्य नाही. त्याला यंत्रसामग्री लागत नाही. प्रशिक्षित परिचारिका किंवा समुपदेशक, सतरंजी आणि चहा पुरतो. आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक काम विनामोबदला टाकू नये, इतकेच. शाळांनीही लक्षात ठेवावे की शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मारणे आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी आहे, आणि अवघड मूल त्या कलमाला अपवाद नाही.

ती बाई रोवणी आटोपल्यावर पुन्हा आली. कालनिर्णयचे जुलै-ऑगस्टचे पान फाडून, घडी घालून आणले होते. पहिल्या आठवड्यात सोळा फुल्या, दुसऱ्यात एकोणीस, आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सहा. एका चौकोनात फुलीऐवजी गोल होता. मी विचारले, हे काय? ती म्हणाली, त्या दिवशी पोराने नाही, त्याच्या बापाने ताट फेकले होते. बाप बाहेर सायकलजवळ उभा होता. मी त्याला आत बोलावून खुर्ची दिली.