आठवणीची किंमत

पटकथेच्या साधनांत फ्लॅशबॅकइतके स्वस्त झालेले दुसरे साधन नसेल. कथानक अडले, पात्राच्या वर्तनाची संगती लागेना, की प्रतिमा धूसर होते, पार्श्वसंगीत बदलते आणि बालपणीचा एखादा प्रसंग खुलाशादाखल सादर होतो. या सोयीलाच काळाशी केलेला प्रयोग म्हणून गौरविण्याची प्रथा आपल्या समीक्षेत रुजली आहे. तिला माझा स्पष्ट विरोध आहे. ज्या आठवणीने आठवणाऱ्याच्या वर्तमानात काहीच बदलत नाही, तिची योग्यता तळटिपेहून अधिक नाही.

झाशीच्या सिविल लाइंसमधून किल्ल्याकडे जाताना हे विशेष जाणवते. वस्तीचे नाव इंग्रजी अमलाचे आणि किल्ला १८५८ च्या वेढ्याचा. दोन्ही काळ आज एकाच रस्त्याने जोडलेले आहेत. त्या वेढ्याचे मराठी साक्षीदार म्हणजे वरसईचे विष्णुभट गोडसे. दक्षिणेच्या आशेने १८५७ मध्ये उत्तरेकडे गेलेले हे भिक्षुक झाशीच्या संहारातून वाचले. ‘माझा प्रवास’ मात्र त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून लिहिला. वैद्यांनी फेरफार करून तो १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांच्या संपादनाने १९६६ मध्ये वाचकांपुढे आली.

यावर उद्या पटकथा लिहिली गेली, तर तिचा आरंभ सांगायला ज्योतिषी नको. समईच्या उजेडात वृद्ध भटजी, थरथरता बोरू आणि लागलीच तोफांचा धूर! ही चौकट काढून टाकली तरी वेढ्याच्या कथेचे काही बिघडणार नाही. खरे नाट्य त्या लिहिणाऱ्या हातात आहे. इंग्रजी राज्य स्थिरावल्यावर राणीविषयी काय लिहावे आणि काय गाळावे? हा प्रश्न दृश्यात आला, बोरू एखाद्या वाक्यापाशी अडला, तरच झाशीकडे परतण्याला कलात्मक अधिकार प्राप्त होतो.

‘सिटिझन केन’ (१९४१) आणि ‘राशोमोन’ (१९५०) यांचे दाखले येथे हटकून दिले जातात. परंतु दोन्हींत वर्तमानात एक शोध चालू आहे आणि आठवण ही त्यातील साक्ष आहे. साक्षी परस्परांशी जुळत नाहीत, म्हणूनच ‘राशोमोन’ उभा राहतो. शोध वगळून केवळ मांडणी उचलणाऱ्यांनी या कृतींचा आधार घेऊ नये.

हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेली श्याम बेनेगल यांची ‘भूमिका’ (१९७७) या दृष्टीने अभ्यसनीय आहे. उषा नवऱ्याशी भांडून घराबाहेर पडते आणि मग तिचे कोकणातले बालपण येते. त्या बालपणातही केशव आहेच. त्यामुळे मागे जाऊन आपल्याला निव्वळ माहिती मिळत नाही. मघाशी पाहिलेल्या भांडणाचा अर्थच पालटतो. घराबाहेर पडलेली ही स्त्री कोठे जाऊ शकेल, हा प्रश्न अधिक बिकट होतो.

विद्यार्थ्यांनी म्हणून एकच कसोटी लावावी: फ्लॅशबॅकपूर्वीचे दृश्य त्यानंतर पुन्हा पाहिले, तर ते पहिल्यासारखेच दिसते काय? दिसत असेल, तर तो भाग निःशंकपणे कापावा. द्रव्य मिळवायला निघालेले गोडसे भटजी वाटेत पुन्हा पुन्हा लुटले गेले. उरलेली आठवण लिहून ठेवायलाही त्यांना पाव शतक लागले. दोन मिनिटांच्या धूसर प्रतिमेत ती उरकून टाकण्याचा अधिकार पटकथाकाराला कोणी दिला?