एक खोली द्या!

दिवाळी अंकात दारूचा विषय काढू नये, असे आमच्या घरच्यांचे मत. फराळाच्या ताटात कडू घास कशाला? पण नरकचतुर्दशीला पहाटे पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावायची रीत आपल्या कोकणात आहेच. वाचकहो, हा लेख म्हणजे तेवढे कारीट समजा, आणि मग खुशाल करंजी खा.

आमचे वरंध घाटाच्या पायथ्याशी. देऊळ आहे, शाळा आहे, भजनाला माणसे जमतात, पोरांचे क्रिकेट चालते. जवळच शिवथरघळ, समर्थांनी दासबोध तिथे सांगितला, अशी श्रद्धा. असल्या गावात प्यावेसे वाटले तर सोबत मिळायला पाच मिनिटे लागत नाहीत. सोडावेसे वाटले तर मात्र मनुष्य एकटा!

हे मी ऐकीव सांगत नाही. माझा धाकटा भाऊ मुंबईला चाकरमानी होता. नोकरी घालवून आणि व्यसन घेऊन गावी आला. पुण्याच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहिला आणि परतल्यावर चौदा महिने थेंबाला शिवला नाही. मग शिमगा आला. पालखी घरोघर फिरत होती, ढोल वाजत होते, आणि तो पडवीत माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, “दादा, आज जीव फार ओढतोय. कुणाशी तरी बोलायला हवंय.”

मी मास्तर. मी त्याला व्याख्यान दिले! आईचे नाव काढले, मुलांची शपथ घातली, मनोनिग्रहावर अर्धा तास बोललो. तो “होय दादा” म्हणाला आणि उठला. पहाटे ओढ्याकाठी पडलेला सापडला. जिवंत सापडला ही देवाची कृपा. माझी कर्तबगारी नव्हे.

त्याला बोलायचे होते, ऐकायचे नव्हते. एवढी साधी गोष्ट मला कळली नाही. पण अमेरिकेतल्या एका दारुड्याला 1935 साली कळली होती. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला माणूस. दारू सोडून काही महिने झाले होते. कामासाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी गेला, काम फसले, आणि हॉटेलातल्या बारची हाक त्याला ऐकू येऊ लागली. तेव्हा त्याने टेलिफोन उचलला आणि आपल्यासारखाच दुसरा दारुडा शोधून काढला. तो निघाला डॉक्टर बॉब स्मिथ, गावातला शस्त्रवैद्य. पंधरा मिनिटे बसू म्हणून आलेला डॉक्टर तासन्‌तास बसला. त्या बैठकीतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ निघाली आणि जगभर पसरली. तिथे वर्गणीची सक्ती नाही, नाव विचारीत नाहीत; सोडण्याची इच्छा एवढेच प्रवेशपत्र.

आपल्याकडेही 1986 साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला देणगी दिली. तिथेही औषधाइतकाच भर माणसांच्या आपसांत बोलण्यावर राहिला, आणि बायकांसाठी ‘सहचरी’ गट निघाला. पण पुणे घाटापलीकडे, आणि घाट पावसाळ्यात कितीदा तरी बंद! तलफ काय घाट उघडण्याची वाट पाहते?

शहाणे म्हणतात, “इच्छाशक्ती हवी.” अहो, हिवतापाच्या रोग्याला कुणी इच्छाशक्ती सांगतो काय? दुसरे म्हणतात, “दुकान बंद करा.” जरूर करा! बायाबापड्यांनी मतदान करून बाटली आडवी केली, त्यांना माझा नमस्कार. पण आडव्या बाटलीने दुकान बंद होते, घशातली आग विझत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 साली दारूबंदी आली, 2021 साली उठली. कायदा येतो आणि जातो. रोगी तिथेच असतो. तिसरे कुजबुजतात, “गावाची अब्रू जाईल.” गटारात पडलेला माणूस ओलांडून जाताना जी अब्रू जात नाही, ती चार माणसे चहा पीत बसल्याने जाते म्हणे!

माझे मागणे लहान आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ, एक खोली आणि चहा. तिथे पुढारी नको, कीर्तन नको, फोटो नको, आणि मास्तर तर मुळीच नको. घरच्या बायकांसाठी निराळा दिवस ठेवा. वैद्याचे काम मात्र वैद्यालाच करू द्या. वर्षानुवर्षे पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर झटके येतात, जीवही जातो, म्हणून आधी डॉक्टर आणि मग बैठक.

भावाच्या परवानगीनेच हे लिहिले. सध्या दर बुधवारी आमच्या पडवीत दोघे बसतात. तो, आणि दुसरा कोण ते सांगणार नाही. मी किटली ठेवतो आणि आत जातो. एवढ्या वर्षांच्या मास्तरकीत याहून अवघड काम मला पडलेले नाही.

मागच्या बुधवारी तिसरा एकजण रस्त्यावर घुटमळला. पडवीतले दोघे रस्त्यावरून दिसतात हे त्याने पाहिले आणि तो निघून गेला. पडवीला दार नसते. गावकऱ्यांनो, दार असलेली एक खोली द्या.