पुडी सोडतं कोण?

मॅनेजर जाणार अशी बातमी आली की मँचेस्टर युनायटेडचा चाहता पहिलं वाक्य काय बोलणार, हे मी आता झोपेतही सांगू शकतो. "पेपरवाल्यांना दुसरे धंदे नाहीत." हे वाक्य मी हिंजवडीच्या बसमध्ये ऐकलंय, मॅच बघायला जमलेल्या घोळक्यात ऐकलंय आणि मँचेस्टरला ऑनसाइट गेलेल्या एका मित्राकडून फोनवरही ऐकलंय. (तिथे राहून तरी काही फरक पडेल असं वाटलं होतं. छे!) मी स्वतः युनायटेडवालाच, त्यामुळे हे घरातलं भांडण समजा. पण मंडळी, आपण चुकीच्या माणसावर ओरडतोय, आणि वर्षानुवर्षं ओरडतोय.

मे २०२४ घ्या. २५ तारखेला, शनिवारी, वेम्बलीवर एफए कपची फायनल, समोर मँचेस्टर सिटी. लीगमध्ये आपण आठवे आलो होतो, प्रीमियर लीग सुरू झाल्यापासूनचा, तोपर्यंतचा, आपला सगळ्यात खालचा नंबर. आदल्या दिवशी गार्डियनने बातमी दिली की निकाल काहीही लागो, एरिक टेन हागला नारळ मिळणार. झालं! आमच्या कंपूत दोन तट पडले. एक म्हणे बरं झालं, ब्याद टळली. दुसरा म्हणे फायनलच्या आदल्या दिवशी असं छापणं हा निव्वळ हरामखोरपणा आहे, हा पेपर सिटीला विकला गेलाय, वगैरे. शनिवारी साडेसातला टीव्ही लागला, गार्नाचो आणि मेनू यांनी एकेक गोल मारला, आपण २-१ जिंकलो, आणि रात्री दहाच्या सुमारास दोन्ही तट एक झाले. "टेन हाग राहिलाच पाहिजे आणि पेपरवाले खोटारडे!"

मग सतरा दिवस क्लब गप्प. म्हणजे 'आढावा' चालू होता. रोज एक नवीन नाव येत होतं आणि रोज आपण पेपरवाल्यांच्या नावाने बोटं मोडत होतो. ११ जूनला बातमी आली की टेन हाग राहणार. जुलैमध्ये त्याचा करार २०२६ पर्यंत वाढवलासुद्धा. तेव्हा आमच्यातल्या एकाने पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. बघा, बातमी खोटी होती की नाही!

आता खुद्द टेन हागने डच टीव्हीला काय सांगितलं ते ऐका. क्लबची मंडळी तो सुट्टीवर इबिझाला असताना तिथे येऊन थडकली, आणि त्यांनीच त्याला सांगितलं की आम्ही टुखेलशी बोललो, पण शेवटी ठरवलं की चांगला मॅनेजर आपल्याकडेच आहे. म्हणजे क्लब दुसरा मॅनेजर शोधत होता हे शंभर टक्के खरं. फक्त मनासारखा मिळाला नाही. तुमच्या घरमालकाने दुसरा भाडेकरू बघितला, सौदा जमला नाही म्हणून तुमचंच अ‍ॅग्रीमेंट वाढवलं, तर 'घरमालक मला काढणार होता ही अफवा होती' असं तुम्ही म्हणाल का? २८ ऑक्टोबरला, वेस्ट हॅमकडून हरल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याला काढलंच. तेव्हा आपण लीगमध्ये चौदावे होतो.

हे एकदाच झालं असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण आठ वर्षं मागे जा. २१ मे २०१६, तेच वेम्बली, तोच एफए कप, लिंगार्डचा जादा वेळेतला गोल, २-१. लुई व्हान खाल कप हातात घेऊन पत्रकारांसमोर आला, कप टेबलावर ठेवला आणि म्हणाला की माझे हे पत्रकार मित्र मला सहा महिन्यांपासून काढून टाकतायत. टाळ्या! त्या क्षणी मलाही म्हातारा ग्रेट वाटला होता. पण त्याच संध्याकाळी मोरिन्योचं नाव सगळीकडे फिरत होतं, सोमवारी २३ तारखेला व्हान खालची रवानगी झाली आणि शुक्रवारी मोरिन्यो आला. पेपर बरोबर होते. आणि क्लबमध्ये जे कुणी बसले होते त्यांनी त्या माणसाला कप धरून तो संवाद म्हणू दिला. खुन्नस धरायची तर याची धरा ना!

त्याच्याही आधी डेव्हिड मॉइस. सहा वर्षांचा करार, दहा महिन्यांत खेळ खल्लास. एप्रिल २०१४ मध्ये रविवारी त्याच्या जुन्या क्लबकडून, एव्हर्टनकडून, हरला. सोमवारी सगळ्या पेपरांना माहीत. मंगळवारी सकाळी अधिकृत घोषणा. सोमवारची ती माहिती पत्रकारांना काय स्वप्नात दिसली? कुणीतरी फोन उचलून सांगितल्याशिवाय सगळ्यांना एकाच दिवशी एकच गोष्ट कळत नाही हो. आणि ज्याच्याबद्दल सांगितलं त्या माणसाने ती सोमवारची रात्र कशी काढली असेल, हा विचार आपल्यापैकी फार कमी जणांनी केला. आपण पत्रकारांना शिव्या देण्यात बिझी!

इथे तुम्ही फर्गीला मध्ये आणणार. आणाच. प्रत्येक युनायटेडवाल्याच्या खिशात हा हुकमी एक्का असतो. जानेवारी १९९०, नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्धचा कपचा सामना, हरला तर फर्ग्युसनची नोकरी जाणार असं पेपर म्हणत होते, मार्क रॉबिन्सने गोल मारला, त्याच मोसमात कप जिंकला आणि पुढचा इतिहास सर्वांना तोंडपाठ. म्हणून पेपरवाले नेहमीच चुकतात! अहो, पस्तीस वर्षांपूर्वीच्या एका केसवर किती दिवस काढणार? आणि त्यातही एक गोष्ट आपण सोयीस्करपणे गाळतो. त्याच्या महिनाभर आधी, डिसेंबर १९८९ मध्ये, ओल्ड ट्रॅफर्डवर 'तीन वर्षं झाली सबबी ऐकतोय, आता टाटा फर्गी' अशा अर्थाचा फलक झळकला होता. तो काही कुठल्या संपादकाने धरला नव्हता. आपल्याच माणसाने चादरीवर रंगवून आणला होता. उलट तेव्हाचे चेअरमन मार्टिन एडवर्ड्स नंतर सांगत आले की फर्गीची नोकरी त्या सामन्यावर टांगलेली नव्हतीच. म्हणजे तेव्हा वरचे लोक ठाम होते आणि खालचे लोक बोंबलत होते. आज बरोबर उलटं आहे. त्या गोष्टीवरून आजच्या बातमीबद्दल काय सिद्ध होतं, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

पेपरवाले धुतल्या तांदळाचे आहेत असं मी म्हणत नाहीये. नव्या मॅनेजरच्या नावांच्या ज्या याद्या छापून येतात, त्यातल्या निम्म्या एजंटांनी पुरवलेल्या असाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या गड्याला सध्याच्या क्लबकडून पगारवाढ हवी की दुसऱ्या कुठल्यातरी रिकाम्या खुर्चीजवळ त्याचं नाव सरकवायचं, काम फत्ते. ही पुडी ओळखायला सोपी असते, कारण तिच्यात एका माणसाचं कौतुक जरा जास्तच असतं. पण 'क्लब नाराज आहे', 'निर्णय झालाय', 'वरिष्ठांचा विश्वास उडालाय' ही बातमी वेगळ्या जातीची. तिच्यात कौतुक कुणाचंच नसतं. ती आतून येते. चाहते किती खवळतात ते आधी बघून घ्यायचं, आणि त्यांची मनाची तयारी झाली की मग पत्र काढायचं. मॅनेजर चिडून स्वतःच सोडून गेला तर भरपाईसुद्धा वाचली!

आणि हे आयटीवाल्यांना समजावून सांगावं लागतं याचं मला खरंच नवल वाटतं. ऑफिसात डिलिव्हरी हेड जाणार अशी कुजबुज चहाच्या टपरीवर सुरू झाली की आपण काय करतो? टपरीवाल्याला शिव्या देतो? आपण लगेच हिशेब करतो: हे कुणी सांगितलं, त्याला काय फायदा, कॅलेंडरवरच्या कुठल्या मीटिंगा अचानक रद्द झाल्या. वरून 'असा कोणताही विचार नाही' अशी मेल आली की आपण गपचूप रेझ्युमे अपडेट करायला घेतो. आधीच्या एका कंपनीत मी हे इतक्या वेळा पाहिलंय, की 'पूर्ण पाठिंबा' हे शब्द मेलमध्ये दिसले की माझ्या पोटात गोळा येतो. तोच माणूस शनिवारी संध्याकाळी लाल जर्सी चढवतो आणि क्लबच्या निवेदनावर देवाघरच्या प्रसादासारखा विश्वास ठेवतो! क्लाउडिओ रानिएरीला विचारा. लेस्टरला चॅम्पियन केलं २०१६ मध्ये. ७ फेब्रुवारी २०१७ ला क्लबने निवेदन काढून अढळ पाठिंबा जाहीर केला आणि २३ फेब्रुवारीला काढलं. अढळपद अवघं सोळा दिवसांचं!

मग चाहत्यांनी करायचं काय? यासाठी उदाहरण द्यावं लागतंय ते लिव्हरपूलचं. लिहिताना हात थरथरतोय, पण खरं ते खरं. नोव्हेंबर २००७ मध्ये राफा बेनिटेझ आणि क्लबचे अमेरिकन मालक हिक्स आणि जिलेट यांच्यात जुंपली, राफा जाणार अशा बातम्या सुरू झाल्या. तिथल्या चाहत्यांनी काय केलं? पोर्टोविरुद्धच्या सामन्याआधी राफाच्या नावाने मोर्चा काढला, थेट अ‍ॅनफील्डपर्यंत. बातमी खरी की खोटी यावर वाद घालत बसले नाहीत. खरी असेल तर जबाबदार कोण, एवढंच बघितलं. जानेवारी २००८ मध्ये हिक्सने स्वतःच कबूल केलं की आम्ही युर्गेन क्लिन्समनला भेटलो होतो, विम्यासारखी सोय म्हणून. विमा म्हणे! म्हणजे बातमीही खरी आणि मोर्चाही योग्य दारात. त्याच वर्षी त्यांनी 'स्पिरिट ऑफ शँक्ली' नावाची चाहत्यांची संघटना उभी केली आणि ऑक्टोबर २०१० मध्ये ते मालक गेले. मोर्च्यामुळे गेले असं म्हणणार नाही, बँकेच्या कर्जाचा फास आवळला हे मोठं कारण. पण ते जाताना त्यांच्यासाठी रडणारं कुणी उरलं नव्हतं, हे मात्र चाहत्यांचं काम. (राफा त्याआधी जूनमध्येच गेला होता. सगळं सुखान्त नसतं.)

आपल्याकडे हे कधी झालंच नाही असंही नाही. २ मे २०२१ ला, सुपर लीगच्या भानगडीनंतर, ग्लेझरांविरुद्ध चाहते ओल्ड ट्रॅफर्डमध्ये घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. मैदानात घुसण्याचं समर्थन करत नाही, पण निदान पत्ता बरोबर होता. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये जिम रॅटक्लिफने सुमारे २७.७ टक्के हिस्सा घेतला, फुटबॉलचा कारभार त्याच्या माणसांकडे गेला, आणि आपण पुन्हा 'इन' की 'आऊट' एवढ्यावर आलो.

त्या उन्हाळ्यात आपण टेन हागवरून एकमेकांची डोकी फोडत होतो तेव्हा बाकी काय चाललं होतं बघा. ज्या फायनलवरून एवढा गदारोळ, तिच्यासाठी क्लबच्या कर्मचाऱ्यांकडून वेम्बलीच्या बसचे २० पौंड मागितले होते. जुलैमध्ये, ज्या महिन्यात मॅनेजरचा करार वाढवला त्याच महिन्यात, सुमारे २५० जणांची नोकरी जाणार हे जाहीर झालं. यात तिकीट खिडकीवरचे असतील, ऑफिसातले असतील, तुमच्याआमच्यासारखे मेल पाठवणारे असतील. त्यांच्या नावाचा फलक घेऊन विमान उडालं नाही. ऑक्टोबरमध्ये टेन हागला आणि त्याच्या काही सहकाऱ्यांना काढलं, त्याचा खर्च क्लबच्याच हिशेबात १ कोटी ४ लाख पौंड दाखवलाय. ज्या माणसाचा करार जुलैमध्ये स्वतःहून वाढवला, त्याला चार महिन्यांत काढायचे एवढे पैसे! आणि नोव्हेंबरच्या शेवटी मोसमातली उरलेली सदस्यांची तिकिटं सरसकट ६६ पौंड केली. लहान मुलांना सवलत नाही, पेन्शनरांना नाही. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून बघायला कुठला पत्रकार लागत नाही.

टेन हागला ठेवायचं की काढायचं यावर मी स्वतः काढण्याच्या बाजूचा होतो, अजूनही आहे. माझं भांडण त्याच्यासाठी नाही. पण त्याला ठेवण्याचा निर्णय ज्यांनी घेतला त्यांची नावं आमच्या कंपूतल्या किती जणांना माहीत होती? पेपरवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करणाऱ्या एकालाही धड सांगता आली नाहीत. त्याच जुलैमध्ये क्लबने मोठा गाजावाजा करून, न्यूकॅसलशी कित्येक महिने घासाघीस करून, डॅन अ‍ॅशवर्थला स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून आणलं होतं. मॅनेजर निवडताना ज्याचा शब्द चालायला हवा तो माणूस. डिसेंबरमध्ये, पाच महिन्यांत, तोही गेला. त्या रविवारी सकाळी मी ही बातमी कंपूत सांगितली, तर पहिला प्रश्न आला, "हा कोण?"