फोटोअकूस्टिक इमेजिंग: लेसर आला, पण टोचायचं काय?
लेसरची चमक मारायची आणि शरीराचा आवाज ऐकायचा, ही यातली गंमत. प्रकाश शोषणारा भाग किंचित तापून फुगतो आणि अल्ट्रासाऊंड लहरी सोडतो. निअर-इन्फ्रारेड प्रकाश काही सेंटीमीटर आत पोहोचतो. २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने स्तनातल्या गाठींसाठी अशा यंत्राला मंजुरी दिली. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनवरच चालतं. त्यापलीकडचं बघायला कॉन्ट्रास्ट एजंट टोचावा लागतो. इंडोसायनिन ग्रीन तिथे १९५९ पासून इतर तपासण्यांसाठी मान्य आहे, पण यकृत ते काही मिनिटांतच रक्तातून काढून घेतं. सोन्याचे नॅनोरॉड ठळक सिग्नल देतात, पण यकृत-प्लीहेत दीर्घकाळ साठून राहतात. म्हणून उंदराचा झगमगीत फोटो बघितला की मी आधी विचारतो: हे बाहेर कधी पडणार?