रिकामी कोण?

“बसलीय रिकामी!” बाईला हिणवायला एवढे दोन शब्द पुरतात. दारात टेकलेली, हाताला काम नसलेली बाई दिसली की सासू, दीर, शेजारी, कुणीही ते फेकतं. मैत्रिणींनो, मला या शब्दांशीच भांडायचं आहे.

मी जुन्नर तालुक्यात काम करते. इथे खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. रेडिओ-गोंगाट कमी म्हणून ही जागा निवडली गेली. वाटसरूला अँटेना जागच्या हलताना दिसत नाहीत. त्या ऐकत असतात. पल्सार ताऱ्यांचे ठोके वर्षानुवर्षं मोजून शास्त्रज्ञांनी २०२३ साली गुरुत्वीय लहरींच्या मंद गुंजनाचा पुरावा मांडला, त्यात या दुर्बिणीचाही वाटा होता. तिला कुणी रिकामी म्हणत नाही.

मग तापलेल्या लेकराच्या उशाशी रात्रभर बसलेली आई? रात्रीची वीज येण्याची वाट बघत मोटारीपाशी बसलेली शेतकरीण? कळा देणाऱ्या बाईचा हात धरून बसलेली सुईण? त्यांच्या बसण्यात लक्ष आहे, अनुभव आहे, जबाबदारी आहे. २००१ च्या जनगणनेने मात्र घरकाम करणाऱ्या बायांना भिकारी आणि कैद्यांच्या जोडीने ‘काम न करणारे’ या रकान्यात बसवलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली त्यावर ताशेरे ओढले. गावच्या पारावर तो रकाना अजून पुसलेला नाही.

खरा रिकामपणा बघायचा तर कचेरीत चला. मारहाणीची तक्रार टेबलावर पडून आहे. “साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या.” २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा म्हणतो, अर्जाची पहिली सुनावणी एरवी तीन दिवसांत ठेवा, ६० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करा. इथे अर्जच पुढे सरकत नाही, आणि या आळसाचं नाव ‘कार्यवाही चालू’! बाईची जागती शांतता रिकामी, साहेबांची झोप मात्र कामकाज. बसलेल्याचं लक्ष समोरच्या माणसाकडे आहे की त्याने पाठ फिरवली आहे, एवढंच विचारा, फरक कळतो.

आपल्या नोंदवह्याही तपासू या. किती भेटी, किती बैठका, एवढेच रकाने. मार खाऊन आलेली बाई तासभर बोलत नाही. मी शेजारी बसते, काही विचारत नाही. मग ती एक वाक्य बोलते आणि पुढची अख्खी केस त्या वाक्यावर उभी राहते. निधी देणारे विचारतात, त्या तासात काय काम झालं? हेच झालं! ‘ऐकणं’ असा रकाना आपणच आखू या.

आणि दिवसभर राबून एखादी नुसतीच टेकली असेल, तर तिच्याकडे हिशेब मागू नका. विश्रांती तिचा हक्क आहे. पुढच्या जनगणनेचा प्रगणक दारात येईल तेव्हा “ती काही करत नाही, घरीच असते” हे उत्तर कुणालाही देऊ देऊ नका.