सर्व्हरने कुणाकुणाचं ऐकावं?

अपाचीच्या कॉन्फिगरेशन फाईलमधली सगळ्यात कमी वाचली जाणारी ओळ कुठली, असं मला कुणी विचारलं तर मी डोळे मिटून सांगेन: 'लिसन ८०'. (फाईलमध्ये ती इंग्रजीतच लिहायची हो, नाहीतर सोमवारी मला शिव्या घालाल. :-)) रिराईटच्या नियमांवर लोक रात्र रात्र जागतात, सर्टिफिकेटवरून भांडतात, कॅशिंगबद्दल तर विचारूच नका. ही ओळ मात्र पॅकेजबरोबर जशी आली तशीच प्रॉडक्शनला जाते. आणि माझं ठाम मत असं आहे की सर्व्हरच्या सुरक्षेतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा निर्णय याच ओळीत असतो. तो आपण घेतच नाही. पॅकेज बांधणारा कुणीतरी अनोळखी माणूस आपल्यासाठी घेऊन टाकतो.

गंमत म्हणजे अपाचीवाल्यांना हे कळलं होतं. १.३ च्या काळात 'बाइंडॲड्रेस', 'पोर्ट' आणि 'लिसन' अशा तीन तीन ओळी होत्या आणि तिघींचं आपसात फारसं पटत नसे. २००२ मध्ये २.० आलं तेव्हा पहिल्या दोघींना निरोप दिला आणि 'लिसन' सक्तीची केली. ओळ नसेल तर सर्व्हर सुरूच होत नाही. म्हणजे, बाबा रे, मी कुठे कान लावू ते तू सांग, मी अंदाज करणार नाही. किती शहाणपणाचा नियम! पण मग डेबियन, रेड हॅट वगैरे मंडळींनी पॅकेजमध्ये 'लिसन ८०' तयार लिहूनच दिलं आणि सगळं मुसळ केरात. एन्जिनएक्स तर विचारतही नाही. ओळ नसेल आणि रूट म्हणून चालवलं असेल तर तो आपला आपण सगळ्या पत्त्यांवर ८० धरून बसतो, रूट नसेल तर ८०००.

आता 'सगळ्या पत्त्यांवर' म्हणजे काय? कोपऱ्यावरचं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. एक दार मोठ्या रस्त्यावर, एक मागच्या बोळात, एक शेजारच्या काकूंच्या अंगणात उघडणारं, आणि स्वयंपाकघर नि माजघर यांच्यामधलं एक. तुमच्या मशीनचंही तसंच आहे. एक पब्लिक पत्ता, एक क्लाऊडच्या आतल्या नेटवर्कचा १०.० वगैरेने सुरू होणारा, व्हीपीएन असेल तर त्याचा, डॉकर असेल तर १७२.१७.०.१, आणि घरातल्या घरात बोलायला १२७.०.०.१, म्हणजे लूपबॅक. 'लिसन ८०' मध्ये पत्ता लिहिलेला नाही, म्हणून ती ओळ या सगळ्या दारांशी माणूस बसवते. 'लिसन १२७.०.०.१:८०८०' लिहिलं की फक्त माजघरातलं दार. बाहेरून कुणी ८०८० वर आलं तर कर्नल तिथल्या तिथे 'इथे कुणी राहत नाही' सांगून परत पाठवतो. तुमच्या प्रोग्रॅमला कुणी आलं होतं याची खबरही लागत नाही.

इथे एक गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर जरा रेंगाळतो. लोक 'व्हर्च्युअलहोस्ट १२७.०.०.१:८०' असा ब्लॉक लिहितात आणि समजतात की ही साईट आता फक्त आतून दिसणार. सर्व्हरही आता बंदच झाला असं धरून चालतात. तसं नाहीये. कान कुठे लावायचा हे 'लिसन' ठरवते. 'व्हर्च्युअलहोस्ट' फक्त ठरवतो की ऐकलेल्या माणसाला कुठल्या खोलीत न्यायचं. वर 'लिसन ८०' असेल तर बाहेरचा माणूस आत आलेलाच आहे. त्याला ही खोली जुळली नाही तर तो दुसऱ्या खोलीत जातो, आणि कुठलीच नाही जुळली तर मुख्य सर्व्हरच्या डिरेक्टरीत, जिथे कुणीतरी २०१९ मध्ये 'बॅकअप' नावाचं फोल्डर ठेवलेलं असतं.

आणखी एक छोटी मजा. लिनक्सवर 'लिसन ८०' केलं की यादीत बऱ्याचदा फक्त आयपी व्हर्जन सहाची ओळ दिसते, चारची दिसतच नाही. लोक एकतर घाबरतात नाहीतर खूश होतात. दोन्ही चूक. तो एकच सॉकेट जुन्या पत्त्यांवरून आलेल्यांनाही घेतो. बीएसडीवर वेगळा मामला आहे, पण त्यात आज पडत नाही.

तर, हे सगळं एवढं चावून सांगायचं कारण. दोनेक वर्षांपूर्वी एका मित्राने त्याच्या ओळखीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचा सर्व्हर बघायला सांगितला. तक्रार होती की रिपोर्ट उघडायला वेळ लागतो. मांडणी साधीच. पुढे एन्जिनएक्स ४४३ वर, नाव-पासवर्ड विचारणारा. मागे रिपोर्टचं ॲप्लिकेशन ८०८० वर. ॲप्लिकेशनला स्वतःचं लॉगिन नव्हतं, कारण 'ते पुढे आहे ना'. ते ऐकत होतं ०.०.०.० वर, म्हणजे सगळ्या पत्त्यांवर. आणि क्लाऊडच्या फायरवॉलमध्ये कधीतरी कुणीतरी काहीतरी तपासायला ८००० ते ९००० उघडून ठेवलं होतं. मी माझ्या घरच्या लॅपटॉपवरून पत्त्यापुढे ८०८० लिहिलं आणि समोर रिपोर्ट. नाव, वय, फोन, कुठली टेस्ट, निकाल काय. पासवर्ड नाही, काही नाही. रिपोर्टचे नंबर ओळीने, म्हणजे एक वाढवला की पुढचा माणूस. शुगर, थायरॉईड ठीक आहे हो, पण लोक एचआयव्हीची टेस्टही करतात, प्रेग्नन्सीचीही करतात, आणि घरात सांगून करतातच असं नाही.

दुरुस्ती एका ओळीची. ०.०.०.० च्या जागी १२७.०.०.१, रीस्टार्ट, झालं. चहा निवायच्या आत. पण मग लॅबच्या मालकांनी सरळ प्रश्न विचारला, "किती जणांनी बघितलं?" आणि याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. लॉग ठेवत होता एन्जिनएक्स, आणि मागच्या दाराने आलेला माणूस एन्जिनएक्सला भेटलेलाच नाही. ॲप्लिकेशन स्वतः काहीच लिहीत नव्हतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल अडीचशे कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे, पण मला खरं सांगायचं तर दंडापेक्षा तो अनुत्तरित प्रश्नच जास्त लागला. ज्यांचे रिपोर्ट होते त्यांना काय सांगणार? 'कदाचित'?

"फायरवॉल नीट ठेवली असती तर हे झालंच नसतं," असं लगेच कुणीतरी म्हणणार. बरोबर आहे. पण फायरवॉल वेगळ्या जागी असते, बहुधा वेगळ्या माणसाच्या ताब्यात असते, आणि 'जरा पाच मिनिटं उघड ना' या वाक्यावर चालते. त्यात डॉकरने आणखी घोळ घातलाय. 'पी ८०८०:८०' म्हणून पोर्ट बाहेर दिला की डॉकर आयपीटेबल्समध्ये स्वतःचे नियम टाकतो, आणि उबुंटूच्या यूएफडब्ल्यूचे नियम ज्या वाटेवर बसलेले असतात त्या वाटेने ते पॅकेट जातच नाही. यूएफडब्ल्यू प्रामाणिकपणे सांगतो 'बंद आहे', आणि पोर्ट सताड उघडा. तिथेही उपाय तोच. पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहा. डॉकरच्या कागदपत्रांत हे सगळं लिहिलेलं आहे, वाचतो कोण म्हणा.

दुसरा आवडता युक्तिवाद म्हणजे "पण पासवर्ड आहे ना". पासवर्ड कधी विचारला जातो ते बघा. आधी जोडणी होते, मग टीएलएसची बोलणी, मग रिक्वेस्ट वाचली जाते, आणि मग कुठे नाव-गाव विचारलं जातं. तोपर्यंत तुमचा बराच कोड चालून झालेला असतो. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड बाहेर आलं तेव्हा हेच झालं. ओपनएसएसएलमधली ती चूक पासवर्डपर्यंत पोचायच्या आधीच सर्व्हरच्या मेमरीतले तुकडे बाहेर देत होती. पासवर्ड कितीही अवघड असता तरी फरक पडला नसता. ज्या पत्त्यावर सर्व्हर ऐकतच नव्हता, तो पत्ता मात्र त्या रात्री निवांत झोपला.

पोर्टचा नंबर बदलून लपता येतं असं मानणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. पोर्ट एकूण ६५,५३५. मिशिगन विद्यापीठाच्या लोकांनी २०१३ मध्ये झेडमॅप काढला, तो एका गिगाबिट लाईनवरून सगळ्या आयपी व्हर्जन चारच्या जगात एक पोर्ट पाऊण तासात तपासत होता. तुमचा ८४४३ कुणाला सापडणार नाही म्हणता? बरं.

डिफॉल्ट बदलता येतात, हेही झालेलं आहे. रेल्स ४.२ डिसेंबर २०१४ मध्ये आलं आणि डेव्हलपमेंट सर्व्हर फक्त लोकलहोस्टवर ऐकायला लागला. व्हर्च्युअल मशीनमध्ये काम करणारे वैतागले, कारण आता बाहेरून बघायचं तर पत्ता मुद्दाम लिहायला लागतो. पण मी म्हणतो, लिहायला लागतो हेच तर हवंय! मोंगोडीबी हा काही वेब सर्व्हर नाही, पण धडा तोच. जानेवारी २०१७ मध्ये विनापासवर्ड उघडे पडलेले हजारो डेटाबेस पुसून खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या गेल्या, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या ३.६ पासून तो मुळात लोकलहोस्टवरच ऐकायला लागला. एवढी किंमत मोजून एक डिफॉल्ट बदलला.

आता माझ्याच मताची दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही सांगालच. पत्ता लिहिणं दर वेळी सोपं नसतं. ॲमेझॉनच्या क्लाऊडवर पब्लिक पत्ता मशीनवर नसतोच, बाहेर भाषांतर होऊन येतो. तो 'लिसन' मध्ये लिहिलात तर अपाची म्हणतो असा पत्ता मला लावता येत नाही, आणि बंद पडतो. डीएचसीपीवर पत्ता बदलला तर रीबूटनंतर तेच. पत्त्याऐवजी नाव लिहिलंत तर सुरू होताना डीएनएस जागं असण्यावर सगळं अवलंबून. म्हणून मोठ्या रस्त्यावरचा सर्व्हर, ८० आणि ४४३ वाला, सगळ्या पत्त्यांवर ऐकत असेल तर माझी काही तक्रार नाही. तो दुकानच आहे. माझं म्हणणं त्याच्या मागच्या सगळ्यांबद्दल आहे. ॲप्लिकेशन, ॲडमिन पॅनेल, मॉनिटरिंगचं पान, हे सगळं लूपबॅकवर. त्याहून बरं म्हणजे युनिक्स सॉकेट. पीएचपी-एफपीएम तसा मजेत चालतो. पोर्टच नाही, म्हणजे प्रश्नच नाही.

आणि १२७.०.०.१ म्हणजे 'घरचा माणूस' असंही समजू नका. अपाचीचं स्टेटस दाखवणारं पान डेबियनवर फक्त लोकलहोस्टला दिसतं. पण त्याच मशीनवर पुढे प्रॉक्सी असेल तर प्रत्येक पाहुणा लोकलहोस्टहूनच येतो. २०१६ च्या सुरुवातीला टॉरवरच्या छुप्या साईट्सच्या बाबतीत हेच लक्षात आलं. टॉरचा प्रोग्रॅम त्याच मशीनवर, त्यामुळे सगळ्या जगाला ते पान खुलं, आणि त्यात कोण काय मागतंय ते दिसतंय. लूपबॅकवर ऐकणं ही वेगळी गोष्ट आणि लूपबॅकवरून आलेल्यावर विश्वास टाकणं ही वेगळी.

तुमच्याकडे एखादा सर्व्हर असेल तर आज दुपारी जेवण झाल्यावर एवढं करा. एसएस ही कमांड एल, टी, एन, पी हे पर्याय लावून चालवा आणि लोकल ॲड्रेसचा रकाना बघा. जिथे ०.०.०.० किंवा चांदणी दिसेल त्या प्रत्येक ओळीला विचारा, तू कुणासाठी? फाईल बदललीत तर पूर्ण स्टॉप करून स्टार्ट करा. नुसत्या रीस्टार्टमध्ये जुना सॉकेट नव्याला जागा देत नाही असं कधीकधी होतं. आणि मग दुसऱ्या मशीनवरून, शक्यतो मोबाईलच्या नेटवर्कवरून, खरंच बंद झालंय ना ते पाहा.

आमच्या टीममध्ये आता नियम आहे की पत्ता नसलेली 'लिसन' ओळ रिव्ह्यूमध्ये आली तर शेजारी कारण लिहायचं, नाहीतर मर्ज नाही. सुरुवातीला पोरांनी नाकं मुरडली. गेल्या महिन्यात एका जुन्या मशीनवर या निमित्ताने ९०९० सापडला, सगळ्या पत्त्यांवर ऐकत बसलेला. कुणाचा, कधीचा, कशासाठी, कुणाला माहीत नाही. बंद केला. अजून तरी कुणी ओरडलेलं नाही.