आठ गॅरेजे आणि एक स्लॅब

बरेच दिवसांत लिहिणे झाले नाही. कारण विचाराल तर, गॅरेज!

आमच्या सोसायटीच्या मागच्या बाजूला आठ गॅरेजांची रांग आहे. वर सलग एकच स्लॅब. माझ्याकडे मोटार कधीच नव्हती. माझ्या पाच नंबरच्या गॅरेजात जुनी स्कूटर आणि एक पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत शाळेतल्या मुलांनी स्वहस्ते लिहिलेले वीस वर्षांचे वार्षिक अंक होते. 'होते' म्हणतो, कारण गेल्या पावसाळ्यात त्यांचा लगदा झाला.

कुणावर रागावू? तीन वर्षांपूर्वी सात नंबरच्या वहिनींच्या गॅरेजात पाणी ठिबकू लागले, तेव्हा सभेत "ज्याचे गळते त्याने बघावे" म्हणणाऱ्यांत मीही होतो. हातसुद्धा वर केला होता. वहिनींनी एकटीने पैसे घालून आतून गिलावा करून घेतला. पुढच्या पावसात तो फुगून पडला. त्यानंतरच्या वर्षी पाणी माझ्याकडे आले.

यंदा गवंडी वर चढला आणि मलाही त्याने शिडीवरून दाखवले. दुखणे पाचवरही नव्हते नि सातवरही. दोन नंबरच्या डोक्यावर पन्हळीचे तोंड मातीने बुजले होते, शेजारी पिंपळाचे रोप छान रुजले होते. तुंबलेले पाणी भेगेतून कोब्याखाली शिरायचे आणि स्लॅबला जिथे चीर सापडेल तिथे उतरायचे. पाणी शिरते एकाच्या डोक्यावर आणि ठिबकते दुसऱ्याच्या! मग "ज्याचे गळते" म्हणजे नक्की कुणाचे?

उपायही तुकड्यातुकड्याने होत नाही. जुना कोबा काढायचा, भेगा भरायच्या, विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा पन्हळीकडे उतार देऊन घालायचा, कठड्याच्या कडेला गोलाई करायची आणि मग पाणी भरून ठेवून पाहायचे. एका गॅरेजापुरता उतार कसा देणार?

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत गच्चीची गळती संस्थेच्या खर्चाने दुरुस्त करायची असे आहे. त्यासाठीच सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधी घेतात. "आम्हाला गॅरेजच नाही, आम्ही का द्यायचे?" असेही काहींनी विचारले. प्रश्न अगदीच चूक नाही. पण तळमजल्यावरचेही लिफ्टचा खर्च देतातच ना? एकत्र राहायचे म्हणजे आपल्याला न लागणाऱ्या गोष्टीचाही थोडा भार उचलायचा, असे माझे मत झाले आहे. उशिरा झाले, हे कबूल.

सभेने या वेळी खर्च मंजूर केला आणि मृगाच्या आधी काम उरकले. मी वहिनींकडे गेलो. त्या गिलाव्याच्या खर्चातला माझा आठवा हिस्सा पाकिटात घालून नेला होता. त्यांनी चहा केला, पाकीट मात्र परत केले. म्हणाल्या, "सर, पैसे राहू द्या. पुढच्या सभेत हात कधी वर करायचा, तेवढे लक्षात ठेवा."

जन्मभर मुलांना हात वर करायला सांगितले. मला कुणी सांगायला हवे होते.

असो. ट्रंक उन्हात वाळत ठेवली आहे. नंतर रिकामीच ठेवीन म्हणतो.